मूर पठारांवरील जलाशय : हिवाळी पक्षिनिरीक्षण व छायाचित्रण

उत्तर इंग्लंडच्या मध्यभागातून पेनाइन नावाची टेकड्यांची रांग दक्षिणोत्तर जाते. तिच्या माथ्यावरील वृक्षहीन, ओलसर व वाऱ्याने झोडपलेल्या उघड्या पठारांना ‘मूर’ म्हणतात. या पठारांच्या कडेने उतरणाऱ्या दऱ्या एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत बांध घालून अडवण्यात आल्या आणि जलाशयांच्या साखळ्या निर्माण झाल्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन या जलाशयांच्या काठाने हिंडणारे लोक तेथे नित्य दिसतात. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला हजारो पक्षी एका दृष्टिक्षेपात पाहण्याची सवय असलेल्या मराठी निरीक्षकाची मात्र येथे प्रथम निराशा होते, कारण तासभर चालूनही एखाददुसराच पक्षी दिसण्याचा संभव असतो. या विरळपणाला निश्चित भौगोलिक कारणे आहेत. ती समजून घेतली की जे थोडे पक्षी तेथे असतात ते कोठे व केव्हा सापडतील हेही बऱ्याच अंशी सांगता येते.

मूर हे केवळ निसर्गाचे अपत्य नव्हे. पेनाइनच्या दक्षिण टोकाला असलेल्या पीक डिस्ट्रिक्टमध्ये किंडर स्काउट (६३६ मीटर) आणि ब्लीकलो ही उंच पठारे आहेत. तेथे एके काळी झाडी होती. मानवी जंगलतोड आणि आर्द्र हवामान यांमुळे जमीन पाणथळ झाली आणि स्फॅग्नम नावाचे शेवाळ माजले. प्राणवायूच्या अभावी वनस्पतींचे अवशेष पूर्ण कुजले नाहीत. त्यांचे थर साचून पीट तयार झाले. ही वाढ वर्षाला सुमारे एक मिलिमीटर इतकी मंद असते, तरीही काही ठिकाणी पीटची जाडी तीन-चार मीटरांपर्यंत पोहोचली आहे. या आम्लधर्मी जमिनीवर हेदर, बिलबेरी आणि पांढऱ्या कापसासारखे तुरे धरणारे कॉटनग्रास एवढ्याच वनस्पती जोमाने वाढतात. औद्योगिक क्रांतीनंतर मँचेस्टर परिसरातील गिरण्यांच्या गंधकयुक्त धुराने स्फॅग्नम मोठ्या प्रमाणावर मेले आणि पीट उघडे पडून वाहून जाऊ लागले. २००३ साली स्थापन झालेल्या ‘मूर्स फॉर द फ्यूचर’ या भागीदारी उपक्रमाने येथे स्फॅग्नमची पुन्हा लागवड चालवली आहे.

जलाशयांचा जन्म त्याच गिरण्यांच्या शहरांच्या तहानेतून झाला. पेनाइनवर पाऊस भरपूर, वस्ती तुरळक आणि पाणी मृदू. मँचेस्टरसाठी जॉन फ्रेडरिक बेटमन या अभियंत्याने लाँगडेंडेल दरीत १८४८ ते १८७७ या काळात वुडहेड, टॉरसाइड, रोड्सवुड, व्हेलहाउस आणि बॉटम्स अशी उतरत जाणारी जलाशयमाला उभारली. (याच सुमारास, १८६० साली, मुंबईचा विहार तलाव पुरा झाला. दोन गिरणीनगरे एकाच काळात एकाच प्रश्नाशी झुंजत होती.) हे काम निर्धोक नव्हते. मार्च १८६४ मध्ये शेफील्डजवळचा नवा डेल डाइक बांध प्रथमच भरत असताना फुटला आणि किमान २४० माणसे मृत्युमुखी पडली.

या सर्वांत प्रसिद्ध ती डरवेंट दरीतील तीन धरणे. हाउडन (१९०१–१२) आणि डरवेंट (१९०२–१६) ही दगडी धरणे बांधणाऱ्या मजुरांसाठी बर्चिनली येथे पन्हळी पत्र्यांचे एक संपूर्ण गावच वसवले होते. धरणे पुरी झाल्यावर ते मोडून टाकण्यात आले. तिसरे लेडीबोअर धरण मातीचे असून १९३५ ते १९४३ या काळात बांधले गेले. त्याच्या पाण्याखाली डरवेंट आणि ॲशप्टन ही दोन गावे गेली. जर्मनीतील धरणांवर हल्ला करण्यापूर्वी १९४३ मध्ये ब्रिटिश वायुदलाच्या ६१७ व्या स्क्वाड्रनने सराव केला तो याच दरीत. डर्बी, नॉटिंगहॅम, शेफील्ड आणि लेस्टर ही शहरे या पाण्याची भागीदार ठरली. लेस्टरमधील हजारो भारतीय कुटुंबांच्या नळाला या मूरवरचे पाणी आले आहे, ही गोष्ट त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

आता पक्षी कमी का, या प्रश्नाकडे वळू. पीटमधून झिरपून आलेले पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे, आम्लधर्मी आणि पोषकद्रव्यांत दरिद्री असते. दरी अडवून केलेला जलाशय काठापासूनच खोल होत जातो. शिवाय पाण्याची पातळी वरखाली होत असल्याने काठावर पाणवनस्पतींचा पट्टा रुजत नाही. उथळ पाण्यात मान बुडवून चरणाऱ्या बदकांना येथे खायला फारसे काही नाही. उजनीची स्थिती नेमकी उलट आहे. तेथील पसरट, उथळ आणि शेती व शहरांतून आलेल्या पोषकद्रव्यांनी समृद्ध झालेला फुगवटा म्हणजे पाणपक्ष्यांचे अन्नछत्रच. मूरवरील जलाशयाचे पाणी पक्ष्यांना मुख्यतः विश्रांतीसाठी, रात्रीच्या निवाऱ्यासाठी किंवा माशांसाठी उपयोगी पडते. म्हणूनच येथे पक्षी पाहायचे तर पाण्याइतकेच पाण्याभोवतीचे पठार, लावलेली सूचिपर्णी बने आणि जलाशयाला मिळणारे ओढे पाहावे लागतात.

हिवाळ्याशी असलेल्या संबंधावरून मूरच्या पक्ष्यांचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग निघून जाणाऱ्यांचा. सोनचिखल्याचा युरोपीय भाईबंद असलेला गोल्डन प्लव्हर सखल शेतांत उतरतो, लांब बाकदार चोचीचा कर्ल्यू खाड्यांकडे जातो, मेडो पिपिटांतील बहुतेक खाली किंवा दक्षिणेला सरकतात आणि रिंग ऊझल हा कस्तूरवर्गीय पक्षी तर उत्तर आफ्रिकेतील ॲटलास पर्वत गाठतो. दुसरा वर्ग राहणाऱ्यांचा आणि तिसरा उत्तरेकडून येणाऱ्यांचा.

राहणाऱ्यांत अग्रमान रेड ग्राऊज या पक्ष्याचा. तो विलो ग्राऊज या उत्तर ध्रुवीय प्रदेशाभोवती पसरलेल्या जातीचा ब्रिटिश बेटांवरील उपप्रकार मानला जात असे. अलीकडे काही वर्गीकरणकार त्याला ‘लॅगोपस स्कॉटिका’ ही स्वतंत्र जाती मानतात. त्याचे खंडीय आप्त हिवाळ्यात पांढरे होतात, हा मात्र वर्षभर गडद तांबूस तपकिरी राहतो. हिवाळ्यात त्याचा आहार जवळजवळ सर्वस्वी हेदरच्या कोंबांचा असतो आणि हे चिवट अन्न पचवण्यासाठी त्याच्या आतड्याला लांबलचक अंधनलिका असतात. जवळून पाहिल्यास त्याचे पाय बोटांपर्यंत दाट पांढऱ्या पिसांनी झाकलेले दिसतात. थंडीपासून रक्षण आणि भुसभुशीत बर्फावर आधार असे दोन्ही हेतू त्यांतून साधतात. निरभ्र सकाळी नर डोळ्यांवरची लाल कलगी फुगवून एखाद्या दगडावर उभा राहतो आणि घोगऱ्या आवाजात ओरडतो. इंग्रज माणसाला त्यात ‘गो बॅक, गो बॅक’ असे ऐकू येते.

हेदरच्या मूरचे आजचे रूप या एका पक्ष्यामुळे टिकले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. ग्राऊजच्या शिकारीचा हंगाम १२ ऑगस्ट ते १० डिसेंबर असतो. कोवळे कोंब व दाट आडोसा दोन्ही मिळावेत म्हणून हेदर पाळीपाळीने जाळण्याची येथे परंपरा आहे. इंग्लंडच्या उंच भागात त्यासाठी १ ऑक्टोबर ते १५ एप्रिल ही मुदत असून खोल पीटवरील जाळण्यावर आता कडक निर्बंध आहेत. टेकडीच्या उतारावर दिसणारे गडद-फिकट चौकोनी पट्टे या जाळण्याचे असतात. ग्राऊज शोधताना फिकट, म्हणजे नव्याने फुटलेल्या पट्ट्याची कड आधी तपासावी.

शिकारी पक्ष्यांचे भाग्य याच व्यवस्थेत अडकले आहे. हेन हॅरिअर, म्हणजे आपल्या भोवत्यांच्या कुळातील राखाडी नराचा पक्षी, हिवाळ्यात हेदरवरून अगदी खालून, पंखांचा उथळ ‘व्ही’ धरून तरंगत जातो. तो ग्राऊजची पिले खातो, म्हणून शिकारीच्या जागांवर त्याला बेकायदा मारले जाते. ज्यांच्या अंगावर उपग्रहाने मागोवा घेणारी यंत्रे बसवली होती असे अनेक हॅरिअर ग्राऊजच्या मूरवर अचानक बेपत्ता झाल्याचे शास्त्रीय अभ्यासांतून दिसून आले आहे. देशाच्या कायद्याने पूर्ण संरक्षण दिलेल्या पक्ष्याची ही गत असावी, हे ब्रिटिश निसर्गरक्षणाच्या उज्ज्वल परंपरेला शोभत नाही. आखूड कानांचे घुबड हा दुसरा लक्षणीय पक्षी. ते दिवसाउजेडी, बहुधा दुपार कलल्यावर, गवताळ उतारांवरून उंदीरवर्गीय प्राणी शोधत उडते. ही जाती महाराष्ट्रातील गवताळ माळांवरही हिवाळी पाहुणी म्हणून येते. तेव्हा येथे पाहिलेल्या त्याच्या संथ, पतंगाच्या उडीसारख्या पंखफडकीची ओळख मराठी निरीक्षकाला तेथे उपयोगी पडेल. मर्लिन हा छोटा ससाणा बहुधा सखल भागात उतरतो. बहिरी ससाणा मात्र धरणाच्या भिंतीवरून पारव्यांवर झेपावताना दिसू शकतो.

पाण्यावरचा हिवाळी मानकरी म्हणजे गूझँडर. त्याला आपण करवतचोच बदक म्हणू, कारण त्याच्या अरुंद लाल चोचीच्या कडांना मागे वळलेले दाते असतात आणि टोकाला आकडा असतो. निसटता मासा त्यात पक्का अडकतो. नराचे डोके काळसर हिरवे, मादीचे तांबूस. नराच्या पांढऱ्या अंगावर हिवाळ्यात फिकट गुलाबी झाक असते. ती जिवंत पक्ष्यावरच दिसते, संग्रहालयातील कातड्यांवरून लवकर उडून जाते. ही जाती स्कॉटलंडमध्ये १८७१ साली आणि इंग्लंडमध्ये १९४१ साली प्रथम वीण करताना आढळली. दिवसा नद्यांवर मासेमारी करून गूझँडर संध्याकाळी जलाशयावर मुक्कामाला येतात, म्हणून त्यांची मोजणी सूर्यास्ताच्या आधीच्या तासात करतात. गोल्डनआय हे दुसरे बुडी मारणारे बदक. त्याच्या पंखांतून उडताना शीळ निघते आणि फेब्रुवारीत नर डोके झटक्याने पाठीवर टेकवून मादीपुढे प्रदर्शन करतो. चक्रांग, विजन आणि शेंडीबदक थोड्या संख्येने असतात. हीच तिन्ही जातींची बदके आपल्या तलावांवर हिवाळ्यात येतात, पण ती वेगळ्या मार्गांनी.

सायंकाळी कुरवांचे थवे शेते आणि कचराभूमी सोडून पाण्याच्या मध्यावर उतरतात. त्यांच्यातील एखादी दुर्मिळ जात शोधणे हा दुर्बिणीपेक्षा तिपाईवरच्या स्पॉटिंग स्कोपचा खेळ आहे आणि तो ज्याला जमतो त्याच्या चिकाटीला दाद द्यावी. छायाचित्रकाराला येथे सहसा काही मिळत नाही. आकाशाकडे मात्र दोघांनीही लक्ष ठेवावे. आइसलँड व पूर्व ग्रीनलँडमध्ये वीण करणारे पिंक-फुटेड हंस पश्चिमेकडील लँकशर आणि पूर्वेकडील नॉरफोक या दोन हिवाळी मुक्कामांमध्ये ये-जा करताना नेमके पेनाइन ओलांडतात. शरदाच्या अखेरीस पूर्वेला आणि जानेवारीत पश्चिमेला जाणाऱ्या त्यांच्या लांबलचक रांगा बहुधा आधी ऐकू येतात, मग दिसतात.

जलाशयांभोवती लावलेल्या स्प्रूस, पाइन व लार्चच्या बनांनी मूरला पूर्वी नसलेले पक्षी मिळवून दिले. क्रॉसबिलच्या चोचीची टोके एकमेकांवरून तिरपी जातात. या चिमट्याने तो सूचिपर्णी फळांचे खवले उचकटून आतील बी जिभेने काढतो. बी तयार असेल तेव्हा त्याची वीण, त्यामुळे फेब्रुवारीच्या हिमातही त्याचे घरटे असू शकते. अशा सुक्या आहारामुळे त्याला वारंवार पाणी लागते. विटकरी लाल नर व हिरवट मादी एरवी उंच शेंड्यांवर असतात, पण वनरस्त्यावरच्या डबक्यावर ती पाणी प्यायला उतरतात आणि छायाचित्रकाराला डोळ्यांच्या पातळीवर मिळतात. याच बनांत गॉसहॉक हा बलाढ्य शिकारी राहतो. पाळीव ससाण्यांच्या छंदातून सुटलेल्या व सोडलेल्या पक्ष्यांपासून त्याची ब्रिटनमधील आजची संख्या वाढली. फेब्रुवारी-मार्चच्या निरभ्र सकाळी बनावर तो लाटांसारखे उड्डाणप्रदर्शन करतो. दरीच्या समोरच्या उतारावर उभे राहून ते पाहावे, बनात शिरू नये. स्कँडिनेव्हिया व आइसलँडहून आलेले रेडविंग, आणि स्कँडिनेव्हियाचे फील्डफेअर, हे कस्तूरबंधू रोवन व हॉथॉर्नची फळे संपेपर्यंत काठच्या झाडीत टिकतात.

ओढ्यांचा धनी डिपर. मूठभर आकाराचा, तपकिरी अंगाचा आणि शुभ्र छातीचा हा गाणारा पक्षी वाहत्या पाण्यात चालत जातो आणि तळातील कीटकांच्या अळ्या टिपतो. दगडावर उभा असताना तो सतत गुडघे वाकवून डोलतो. जवळ असाल तर डोळा मिटताना पापणीवरची पांढरी पिसे चमकलेली दिसतात. भर हिवाळ्यात तो गातो, कारण ओढ्यावरचा आपला हद्दीचा तुकडा त्याला तेव्हाही राखायचा असतो. पाणी अतिआम्ल झाले की मेफ्लायच्या अळ्या नाहीशा होतात आणि त्यांच्यापाठोपाठ डिपरही. त्यामुळे ओढ्यावर डिपर असणे ही त्या पाण्याच्या प्रकृतीची खूण मानली जाते.

पक्षिछायाचित्रणाच्या इतिहासात मूरचे स्थान मानाचे आहे. यॉर्कशरच्या स्वेलडेल दरीतील थ्वेट या मूरच्या कुशीतील खेड्यात रिचर्ड कीर्टन (जन्म १८६२) आणि चेरी कीर्टन (जन्म १८७१) हे भाऊ वाढले. १८९२ मध्ये चेरीने अंडी असलेल्या घरट्याचे छायाचित्र घेतले. १८९५ मध्ये आलेले त्यांचे ‘ब्रिटिश बर्ड्स नेस्ट्स’ हे निसर्गातच घेतलेल्या छायाचित्रांनी सजलेले या प्रकारचे आरंभीचे पुस्तक मानले जाते. काचेच्या पट्ट्या, जड लाकडी कॅमेरा आणि संथ भिंगे एवढ्याच साधनांनिशी पक्ष्यांजवळ जाण्यासाठी त्यांनी बैलाचे कातडे आतून पोकळ सांगाड्यावर चढवले आणि त्यात बसून चित्रे घेतली. आजच्या लपणगृहांचा हा थोर पूर्वज होय.

आजच्या छायाचित्रकाराची अडचण वेगळी आहे. या अक्षांशावर, साधारण ५३ अंश उत्तरेला, २१ डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजावर सुमारे १३ अंशच चढतो. मुंबईत त्याच दिवशी तो ४७ अंशांवर असतो. दिवस साडेसात तासांचा. स्वच्छ हवेत यामुळे दिवसभर तिरपा, सोनेरी प्रकाश मिळतो हे खरे, परंतु अरुंद दरीच्या तळाशी ऊन पोहोचतच नाही आणि ढगाळ दिवशी उडत्या पक्ष्यासाठी लागणारा उघडझापीचा वेग मिळवायला संवेदनशीलता बरीच वाढवावी लागते. थोडे दाणेदार चित्र पत्करावे, हललेले नको. प्रकाशमापन हा दुसरा कळीचा मुद्दा. कॅमेऱ्याचा मापक सर्व दृश्य मध्यम राखाडी धरतो. त्यामुळे हिमाच्छादित उतारावरील ग्राऊज काळवंडतो आणि काळ्या पाण्यावरील गूझँडर नराची पांढरी पिसे जळून तपशीलहीन होतात. पहिल्या वेळी एक ते दीड टप्पा वाढवावा, दुसऱ्या वेळी तितकाच घटवावा.

मोटारगाडी हे येथील उत्तम लपणगृह आहे. मूर ओलांडणाऱ्या रस्त्यांच्या कडेला ग्राऊज गाडीला सरावलेले असतात, मात्र दार उघडताच ते उडतात. खिडकीच्या काठावर धान्य भरलेली पिशवी ठेवून तीवर भिंग टेकवावे आणि इंजिन बंद ठेवावे. थंडीत विद्युत्‌घट लवकर उतरतो, म्हणून जोडीचा घट अंगाजवळच्या खिशात ठेवतात. उबदार खोलीत शिरण्यापूर्वी कॅमेरा बंद पिशवीत ठेवून हळूहळू गरम होऊ द्यावा, नाहीतर भिंगावर दव धरते.

येथे आचाराचे काही नियम कळकळीने सांगावेसे वाटतात. हिवाळ्यात प्रत्येक अनावश्यक उड्डाण पक्ष्याची शक्ती खर्च करते आणि लहान दिवसात ती भरून काढायला त्याला वेळ नसतो. पठारावरील बराच भाग २००० च्या कायद्याने पायी हिंडायला खुला झाला असला, तरी हेदरमधून सरळ चालून पक्षी उठवणे योग्य ठरत नाही. पीक डिस्ट्रिक्टमधील डोंगरी ससा, जो इंग्लंडमध्ये केवळ येथेच उरला आहे आणि हिवाळ्यात पांढरा होतो, त्याच्यामागे तर छायाचित्रकारांची झुंबड लागते. बर्फ नसलेल्या तपकिरी उतारावर तो आधीच उघडा पडलेला असतो. त्याला बसल्या जागेवरून उठवून मिळवलेले चित्र कितीही देखणे असले तरी ते चांगले चित्र नव्हे.

या छंदाचा उपयोग केवळ आनंदापुरता नाही. पक्ष्यांच्या पिसांच्या व्यापाराविरुद्ध १८८९ मध्ये एमिली विल्यमसन यांनी संस्था काढली ती मँचेस्टरजवळच्या डिड्सबरीत. तीच पुढे रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्स झाली. ब्रिटनमध्ये पाणपक्ष्यांची मोजणी १९४७ पासून स्वयंसेवक करत आले आहेत. भारतात आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते आणि उजनी, जायकवाडी व नांदूरमध्यमेश्वर येथे अनेक मराठी निरीक्षक तीत भाग घेतात.

शेफील्ड, मँचेस्टर, लीड्स वा लेस्टर येथे राहणाऱ्या किंवा तेथे नातलगांकडे जाणाऱ्या वाचकांनी फेब्रुवारीचा पूर्वार्ध निवडावा. तेव्हा गोल्डनआयचे प्रदर्शन, गॉसहॉकचे उड्डाण आणि डिपरचे गाणे एकाच दिवसात साधते. डरवेंट दरीत फेअरहोम्स येथून चालायला सुरुवात करून लेडीबोअर, डरवेंट आणि हाउडन हे तीन जलाशय क्रमाने पाहता येतात. दिनांक, स्थळ, वेळ आणि संख्या यांची नोंद करून ती तेथील पक्षिनोंद संस्थांकडे अवश्य पाठवावी, आणि एखाद्या जलाशयावर एकही पक्षी दिसला नाही तर शून्य लिहून तीही पाठवावी. गणनेच्या तक्त्यात त्या शून्याला इतर आकड्यांइतकेच स्थान असते.